कोणाचा धान कापल्यावर?

एकट्या मास्तरची शाळा म्हणजे मास्तर गावचा फुकटचा लेखणीवाला! अर्ज लिहा, चिठ्ठी लिहा, लग्नाची यादी लिहा, अन् लग्न मोडलं तर तोही कागद लिहा. सिंदेवाहीजवळच्या गावात मी सात वर्षं काढली. पन्नास सालानंतरची गोष्ट, तेव्हा गडचिरोलीही चांदा जिल्ह्यातच होतं. किस्से तर इतके साठले, की एक काढायला जावं तर चार बाहेर येतात. पण यशीच्या कागदाचे किस्से मी जपून सांगतो. कारण त्यातली चूक माझीच होती.

*

सायत्रा त्या गावची लेक. तिचा नवरा डोमा मार्कंड्याकडचा, वैनगंगेकाठचा. बैलगाडीनं दीड दिवसाची वाट. दोघांचं काही केल्या पटेना. लटारी पाटलांच्या अंगणात पंच बसले, वाळकी काडी मोडली अन् दोघं मोकळे झाले.

उरली सात वर्षांची यशी. "पोरगी माही!" डोमा म्हणाला. "मंग मी काय वाटेवरून आनली?" सायत्रा म्हणाली.

पाटलांना इंग्रजी महिने-तारखा ठाऊकच नव्हत्या. त्यांनी निवाडा दिला, "पेरनीपासून धान कापेपर्यंत मायजवळ. धान कापला का पेरनीपर्यंत बापाजवळ. लिवा मास्तर!"

मी लिहिलं, वाचून दाखवलं, सगळ्यांनी अंगठे उठवले. कोणाचा धान, हे लिहायचं कोणालाच सुचलं नाही. ते अंगठेबहाद्दर, पण मी तर शिकलेला होतो ना!

*

दिवाळीआधीच डोमा गाडी जुंपून हजर! त्याच्याकडे हलका धान, लवकर निघतो. "आमचा कापला जी. द्या पोरगी."

सायत्राच्या भावाची, पत्रूची बांधी, म्हणजे धानाचं शेत, तलावाखाली. तिथं भारी धान, उशिरा निघणारा, अजून हिरवागार. "आमचा कुठी कापला?" सायत्रानं विचारलं.

कागद माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. कागद दोघांच्याही बाजूनं! पाटील माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तर, तुमी पोराइले नेमकं काय शिकवून राह्यले?"

शेवटी महिन्याभरानं डोमा परत आला अन् स्वतःच विळा घेऊन पत्रूच्या बांधीत उतरला, कापणी लवकर उरकावी म्हणून! पत्रू धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून विडी ओढत होता. म्हणाला, "जावाई होता तवा कदी विळ्याले हात लावला नाई गड्यानं!"

*

पुढच्या वर्षी सायत्रानं भावाला सगळ्यात उशिरा पिकणारं बी पेरायला लावलं. डोमाही काही कमी नव्हता. पाऊस पडून पंधरा दिवस झाले तरी यशीला धाडीना. निरोप आला, "पेरनी व्हायची हाये. वखर मोडला."

तिसऱ्या वर्षीही त्याचा वखर बरोबर मृगातच मोडला! एका पोरीपायी दोन गावची शेती मागंपुढं होऊन राह्यली होती.

मी पाटलांना म्हटलं, "कागद बदलून घेऊ, चूक माझी आहे."

पाटील म्हणाले, "मोडली काडी जोडता येते का, मास्तर? कागदबी तसाच."

*

एकदा वर्गात विचारलं, "वर्षात ऋतू किती?"

यशी ताडकन उभी राहिली. "दोन जी! मायचा अन् बाबाचा."

वर्ग हसला, मीही हसलो. मग मान खाली घालून हजेरी लिहीत बसलो. पोरगी हुशार होती हो! पण तिला पाढे यायचे ते पंधरापर्यंतच. पुढचे पाढे मी उन्हाच्या दिवसांत घ्यायचो, तेव्हा ती वैनगंगेकाठी. तिकडे शाळा नव्हती. आता चौथी लागली होती, अन् त्या गावातून चौथी पास झालेली एकही पोरगी नव्हती. ती बुडणार, अन् माझ्याच लेखणीनं बुडणार, या विचारानं मला जेवण जात नसे.

*

त्या वर्षी सगळ्या गावाचा धान घरात आला, माघ लागला. पत्रूच्या बांधीच्या कोपऱ्यात मात्र बाजेएवढा धान उभा! दाणे गळून गेलेले, नुसती वाळकी तणस वाऱ्यावर हलत होती.

"हे काय, सायत्राबाई?"

"कापनी व्हायची हाये जी," ती म्हणाली.

डोमाची गाडी आली अन् अख्खं गाव धुऱ्यावर जमलं. परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. यशी पाटी छातीशी धरून उभी. सायत्रा त्या धानासमोर आडवी उभी राहिली. "वाचा मास्तर, कागद वाचा!"

मी वाचला. "धान कापेपर्यंत मायजवळ."

डोमानं त्या वाळक्या धानाकडे बघितलं. मग यशीला म्हणाला, "कितवीत हायेस व?"

"चौथीत."

तो गाडीकडे वळला अन् कुऱ्हाड काढली. पत्रू पुढं सरसावला.

डोमा धुऱ्यावरच्या बोरीपाशी गेला. काट्यांच्या फांद्या तोडल्या, ओढत आणल्या अन् त्या उभ्या धानाभोवती चारही अंगांनी रचल्या. दोन्ही हात रक्ताळले होते.

"ढोरं मोकळी सुटली हायेत," सायत्राकडे न बघता तो म्हणाला, "खाऊन टाकतीन."

अन् त्यानं रिकामी गाडी जुंपली.