तीन अक्षरांचा निवाडा

मे १९९८, घोडेगावचं एसटी स्टँड. पैज तीन चहांची, म्हणजे सहा रुपयांची. खेळायला मी, माझी सहावीतली मुलगी आणि तळेघरच्या गाडीची वाट पाहणारा एक अनोळखी माणूस.

मुलीकडे अक्षरांचे पत्ते होते. हातातल्या सात पत्त्यांतून शब्द मांडायचा, काना-मात्रा मनाने लावायची, अक्षराला एक गुण. एकाने शंका घेतली तर तिसऱ्याने निवाडा द्यायचा. सर्वांत कमी गुणवाल्याने चहा पाजायचा.

तो प्रत्येक पत्ता बोटाने गिरवून बघायचा. "रातच्या वर्गात शिकलो भाऊ, दोन सालं झाली." गुण मी लिहीत होतो. शेवटच्या डावात आम्हा दोघांचं मांडून झालं तेव्हा मी बारावर, मुलगी दहावर, तो आठवर. त्याने जपून तीन पत्ते मांडले: इ, र, ल.

"इरलं!"

"असा शब्दच नाही," मुलगी म्हणाली.

तो हसत माझ्याकडे वळला. "सांगा राव पोरीला. भात लावताना पावसात डोक्यावर घेतो ते."

मला माहीत होतं. माझी आई इरलं घेऊनच शेतात जायची. पण शब्द धरला तर मुलगी हरत होती आणि चहाचे पैसे माझ्यावर येत होते.

"पुस्तकात नाही हा शब्द," मी म्हणालो.

त्याने पत्ते उचलले. "इरली लई विणली भाऊ. अक्षरात आज पयल्यांदाच मांडलं व्हतं."

सहा रुपये त्याने चहावाल्याला दिले आणि पहिला कप माझ्या मुलीपुढे सरकवला. दुसरा मी प्यायलो.