नोटेवरची कोरी जागा

लक्ष्मीपूजनाच्या ताटात आईनं यंदाही एक करकरीत नोट ठेवली आणि आमच्या घरात वाद पेटला. नोटेवर एखादी बाई हवी, असं माझी मुलगी म्हणाली. तिला घोड्यावरची राणी हवी होती. माझी बहीण शिक्षिका. ती उसळून म्हणाली, "राणी कशाला? अंगावर शेण झेलत मुलींना शिकवायला गेली, ती हवी."

मला दोघींचंही पटत होतं, म्हणून दोघी माझ्यावरच चिडल्या. माझ्या मनात मात्र वेगळंच आलं. ज्या बायकांची नावंसुद्धा कुणी लिहून ठेवली नाहीत, त्यांचे चेहरे कुठून आणायचे?

"आजी, तू सांग ना, कोण हवी?" मुलीनं विचारलं.

"कुणीही येऊ दे गं. मुहूर्त टळतोय, आधी बाजूला सरका."

आईनं नोटेला हळदकुंकू लावलं. छापलेल्या चेहऱ्यावर डाग पडू नये म्हणून ती दरवर्षी शेजारच्या कोऱ्या जागेतच बोट टेकवते. आम्ही तिघं ताटावर वाकून बघत राहिलो. त्या पांढऱ्या जागेत कुंकू लागलं होतं. चेहरा तेवढा यायचा बाकी होता.