ताऱ्याच्या खुणेची कंपनी

नवा कॉम्प्युटर घेताना तुम्ही कुणाला विचारता? दुकानदाराला? भाच्याला? की शेजारी जो दिसतो तोच उचलून आणता? फुआतिनोने नीट चौकशी केली होती. हे आधी सांगायला हवं, कारण नंतर गावाने तिलाच अडाणी ठरवलं.

आमच्या बेटावरच्या सालेलोलोगा बंदराच्या धक्क्यावर ती बोटीच्या उतारूंना पानिकेकेचे गोड गोळे तळून विकते. तिची नऊ वर्षांची वाओसा जन्मापासून बहिरी. आमच्या बेटावर हातांची भाषा शिकवणारं कुणी नाही. पलीकडच्या बेटावरच्या आपिया शहरातल्या मालाइआ मास्तरीणबाई पडद्यावरून शिकवायला तयार झाल्या, पण म्हणाल्या, "मोबाइलवर माझी बोटं तिला नीट दिसत नाहीत गं. कॉम्प्युटर बघ." न्यूझीलंडमधल्या ऑकलंडहून भावाने पैसे पाठवले आणि बजावलं, "ताई, एकदाच हं. पुन्हा जमणार नाही."

बोट, मग बस करून ती आपियाला गेली ती थेट दुरुस्तीवाल्या इसिकेलीकडे.

"कुठल्या कंपनीचा बिघडत नाही रे?"

"सगळ्यांचे बिघडतात, ताई. खारा वारा कंपनी विचारून आत शिरतो का? बिघडल्यावर उघडणार कोण, ते विचार. माशाच्या खुणेच्या कंपनीचे भाग माझ्याकडे पेटीभर पडलेत. ताऱ्याच्या खुणेचा बंद पडला की न्यूझीलंडला पाठवायचा. आणि तिकडे गेलेलं परत येतं का? तुझ्या भावालाच विचार!"

ती खळखळून हसली. माशाच्या खुणेचा, ठरलं.

संध्याकाळी मोठे दीर तुइलागी येऊन बसले. घराण्याचे मताई, म्हणजे प्रमुख; त्यांनी एकदा सांगितलं की घरात पुन्हा बोलणं नाही.

"माशाचा? पाद्रीबाबांना आपण सगळ्या गावाने वर्गणी काढून ताऱ्याचा दिला. तू दुसरा आणलास तर लोक काय म्हणतील? गावाने पाद्रीबाबांच्या गळ्यात भंगार बांधलं?"

"भाऊजी, मला पोरीसाठी हवाय. पाद्रीबाबांशी कसली बरोबरी?"

"मग त्याच कंपनीचा घे. त्यांच्यापेक्षा एक पायरी लहान. शहाणपणा मिरवू नकोस, फुआतिनो."

ताऱ्याचा आला. शहाणपणा न मिरवण्यात आमचं गाव फार हुशार!

पाच-सहा महिने तो चालला. वाओसा आधी 'आई' शिकली. मग 'का' शिकली, आणि तिने जीव नकोसा केला. कोंबडी का, पाऊस का, बाबा का नाहीत. नऊ वर्षं साचलेलं सगळं त्या दोन हातांतून उसळून बाहेर येत होतं. फुआतिनो चिडायची आणि चुलीकडे तोंड फिरवून रडायची.

पावसाळ्यात पडदा काळा झाला तो झालाच. इसिकेलीने उघडून बघितला आणि स्क्रू परत आवळून तिच्या हाती दिला. कंपनीकडून उत्तर आलं, तुमच्या देशात आमची सेवा नाही. गाव म्हणालं, अडाणी बाईला कॉम्प्युटर काय कळतो!

शेवटी लाज गुंडाळून ती पाद्रीबाबांच्या घरी गेली. "आठवड्यातून एक तास पोरीला तुमच्या कॉम्प्युटरवर बसू द्या, बाई."

पाद्रीणबाईंनी तिला आत घेऊन दार लोटलं. दिवाणखान्यातल्या कॉम्प्युटरवरचं पांढरं जाळीचं कापड उचललं. खाली धूळ.

"नाताळच्या आधीपासून बंद आहे गं."

"नाताळच्या? मी तर नंतर घेतला! एका शब्दाने बोलला नाहीत?"

"गावाची भेट. बिघडली असं कुठल्या तोंडाने सांगायचं? तुझ्या दिरांना वाईट वाटलं असतं."

फुआतिनोने ते कापड परत नीट घालून दिलं. दुसरं काय करणार होती? दिरांना ती काही बोलली नाही. भावाकडे मागायची सोय नव्हती. त्याच्या सासऱ्यांच्या मयतीत होतं नव्हतं ते गेलं. मालाइआबाईंनी दोन महिने वाट पाहिली, मग वाओसाची वेळ दुसऱ्या मुलाला दिली. त्यांचंही काय चुकलं?

आता वाओसा धक्क्यावर आईच्या कढईशेजारी बसते. उतारू दिसला की हात चालवते. काही खुणा मास्तरीणबाईंच्या, काही तिने स्वतःच जुळवलेल्या, ज्या जगात कुणालाच कळत नाहीत. लोकांना वाटतं, पोरगी टाटा करतेय. तेही हात हलवतात आणि बोटीत चढतात. हल्ली ती थोडं कमीच बोलते.

कधी इथे उतरलात तर हात हलवून निघून जाऊ नका. काही कळणार नाही, तरी तिचं बोलून होईपर्यंत उभे राहा.