आधी जमीन दाखवा

शेंदूरजनाघाटात गोवर्धनजींच्या तब्येतीचं सगळ्यात जास्त कौतुक कुणाला असेल, तर खुद्द गोवर्धनजींना. सत्तरीला टेकलेला माणूस, पण पाठ ताठ, दात शाबूत, चष्मा फक्त पेपर वाचायला. संत्र्याच्या कलमांची त्यांची लहानशी नर्सरी होती. जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याच्या फांदीवरचा कोंब, म्हणजे डोळा, भरायचा आणि वरून पट्टी बांधायची, हे काम त्यांनी जन्मभर उकिडवं बसून केलं, आणि उठताना कधी गुडघ्यावर हात टेकला नाही. हे ते स्वतःच सांगत. लग्नात, तेरवीत, बसथांब्यावर, जिथं कुणी पोट सुटलेला दिसेल तिथं सांगत. तोंडावर ताबा पाहिजे आणि पायाला काम पाहिजे, बाकी काही नाही, असं म्हणून ते समोरच्याच्या पोटाकडे असे बघत, की तो बिचारा हातातली जिलेबी खाली ठेवून द्यायचा.

तब्येत ही आपली स्वतःची कमाई, असं त्यांचं पक्कं मत होतं. आता ही कमाई कशी व्हायची तेही बघा. पहाटे शेजारचे नत्थुजी फाटकाशी येऊन "चाला भाऊ" म्हणून हाक मारायचे, म्हणून गोवर्धनजी उठायचे. नर्सरी गावाबाहेर, म्हणून चालणं व्हायचं. वाटेत दहा ठिकाणी रामराम व्हायचा, म्हणून ते चालणं कळायचंही नाही. कलमांच्या वाफ्यांच्या कडेनं मेथी, चवळी, वांगी लावलेली असायची, ती त्यांची बायको माणिकबाई ओच्यात घेऊन यायची आणि तीच दिवेलागणीला ताटात दिसायची. गरम भाकरी, भाजी, कच्चा कांदा. जेवण झालं की अंगणातल्या कडुलिंबाखाली बाज टाकलेली असायची. बाज कोण टाकतं, हा प्रश्न गोवर्धनजींना पडायचं काही कारण नव्हतं.

त्यांची एकुलती मुलगी हर्षा अकोल्याला असते. एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. नवरा धर्मेंद्र औषधांच्या कंपनीत, सदा फिरतीवर, घरी येतो तो रविवारी. मुलगी प्रणाली दहावीला. दोन वर्षांमागे हिवाळ्यात हर्षा माहेरी आली होती आणि नर्सरीत रोडग्यांचा बेत होता. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, तुपात बुडवलेले, वर वरण आणि वांग्याची भाजी. पाहुणे, गडीमाणसं सगळी एका पंगतीला. हर्षाला तेव्हा नुकत्याच रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या, अंगही भरलं होतं. तिनं दुसऱ्या रोडग्याला हात घातला आणि गोवर्धनजी भर पंगतीत बोलून गेले.

"दुसऱ्याले दवाई देतं तू, अन् सोताच्या तोंडाले कुलूप नाई लावता येत?"

पंगत हसली. हर्षाही हसल्यासारखं करून उठली आणि हात धुऊन आली. त्या दिवसापासून ती बापासमोर जेवली नाही. भांडली नाही, रुसली नाही, माहेरी यायची तशी येत राहिली. फक्त ताटं वाढली की तिला नेमकं काहीतरी काम निघायचं. गोवर्धनजींना वाटलं, पोरगी आहे, जाईल विसरून. माणिकबाईनं मात्र त्यांना चांगलंच धारेवर धरलं. "तुमी ताटावर बसता अन् उठता," ती म्हणाली. "थे ताट कुठून येते, पाह्यलं कधी?" बायकांना काय बोलायचं ते बोलू द्यावं, अशा चेहऱ्यानं गोवर्धनजी ऐकत राहिले.

माणिकबाई गेल्या उन्हाळ्यात गेली. दुपारी नर्सरीतून आली, जरा पडते म्हणाली आणि उठलीच नाही. तेरवी झाल्यावर हर्षानं बापाला एकटं ठेवायचं साफ नाकारलं. नर्सरी नत्थुजींच्या ताब्यात देऊन ती त्यांना अकोल्याला घेऊन आली, कौलखेडच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात.

पहिले काही दिवस गोवर्धनजी पाहुण्यासारखे बसून निरीक्षण करत होते, आणि जे दिसलं ते त्यांना मुळीच पसंत नव्हतं. लेक रात्रपाळी करून सकाळी यायची, प्रणालीचा डबा भरून तिला शाळेत पाठवायची आणि पडदे ओढून दुपारपर्यंत झोपायची. जेवायची कधी, तर उठल्यावर ओट्याशी उभ्यानं, कालच्या पोळीचा तुकडा चहात बुडवून. ड्यूटीच्या पिशवीत बिस्किटांचा पुडा. कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी, एका आठवड्याची घडी दुसऱ्या आठवड्याला नाही. आळशीपणा, अशी त्यांनी मनात नोंद केली आणि ह्या घराला शिस्त कशी असते ते दाखवून देऊ असं ठरवलं.

दुसऱ्याच दिवशी पहाटे ते चालायला निघाले. फाटकाशी कुणी हाक मारायला नव्हतं, तरी निघाले. रस्त्याला लागतात तो ट्रकचा भोंगा कानाशी वाजला. फूटपाथ होता तिथं गाड्या लागलेल्या, नव्हता तिथं कुत्री बसलेली. कुणी ओळखीचं नाही, कुणी "का भाऊ, लवकरच निघाले" म्हणणारं नाही. दूर विद्यापीठाच्या झाडांच्या सावलीत लोक फिरतात असं ऐकलं होतं, पण तिथवर जायचं तर आधी ऑटोत बसायचं. चालायला जाण्यासाठी गाडीत बसायचं, हे काही त्यांच्या डोक्यात शिरेना. आठवडाभर त्यांनी नेट धरला, मग एक दिवस गुडघा दुखतो म्हणून राहिले, मग रोजच दुखू लागला.

मग दिवस लांब झाले. करायला काम नाही, उकिडवं बसायला माती नाही. टीव्हीसमोर बसलं की हात आपोआप बिस्किटांच्या डब्यात जायचा. संध्याकाळी प्रणाली शिकवणीहून उशिरा यायची, तोवर जेवण थांबायचं, आणि मग ती दोन मिनिटांच्या शेवया करायची त्यातल्याच वाटीभर आजोबांनाही द्यायची. त्या त्यांना आवडायला लागल्या, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. खाऊन झोप येईना. डोळे मिटले की कडुलिंबाखालची बाज दिसायची, वरून वाळलेली पानं अंगावर पडायची, आतून माणिकबाईची भांडी आवरल्याचा आवाज यायचा. तो आवाज थांबला की आपल्याला झोप लागायची, हे त्यांना अकोल्यात आल्यावर कळलं.

दिवाळीनंतर हर्षानं त्यांचं रक्त तपासून घेतलं. साखर काठावर होती, रक्तदाब तर काठ ओलांडून गेलेला. डॉक्टर तरुण होता, बोलायला गोड. रोज चाला म्हणाला, ताज्या भाज्या खा, वेळेवर जेवा, वेळेवर झोपा. गोवर्धनजी मान खाली घालून ऐकत होते. हेच शब्द त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडावर मारले होते, ते समोरून आले की कसे लागतात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

शेजारच्या खुर्चीवर हर्षा बसली होती. आता ही बोलेल, असं त्यांना वाटलं. तोंडाला कुलूप लावा, एवढं जरी ती म्हणाली असती तरी हिशेब फिटला असता. तिनं तपासणीचे कागद घडी करून पिशवीत घातले. ऑटोत बसल्यावर त्यांचा स्वेटर नीट करत एवढंच बोलली, "होते बाबा. जागा बदलली का होते असं. मनाले नका लावून घेऊ."

ते मात्र त्यांच्या अगदी मनाला लागलं.

दोनच दिवसांनी नत्थुजींचा फोन आला. डोळे भरायचा हंगाम सुरू झाला होता. खुंट यंदा चांगले जोमदार आहेत, हात कमी पडून राहिले, तुम्ही या, असं ते म्हणत होते. मागे कुणीतरी पट्ट्या बांधता बांधता हसत होतं, मोटेच्या जागी बसवलेल्या पंपाचा आवाज येत होता. गोवर्धनजींनी फोन कानाला घट्ट लावला. संत्र्याच्या पानाचा वास थेट फोनमधून आल्यासारखा वाटला. त्यांनी लगेच पिशवी काढली, धोतरजोडी, टॉवेल, कलमाचे डोळे काढायचा चाकू. हर्षाला सांगितलं, उद्या पहाटेच्या बसनं जातो. ती म्हणाली, जा बाबा, तिथं तुमची तब्येत चांगली राहील. बोलताना ती त्यांच्याकडे पाहत नव्हती, कणीक मळत होती.

दुपारी ती झोपली. घर शांत झालं. पिशवी मांडीवर घेऊन गोवर्धनजी बसले आणि मनानं गावी पोचलेही. फाटक उघडलं, अंगणात गेले, आणि तिथंच अडले. बाज भिंतीला उभी होती. चूल गार होती. नत्थुजी हाक मारतील, वाट तीच राहील, मेथीही उगवेल, पण दिवेलागणीला ते ताट येणार नव्हतं. आपण ज्याला आपली शिस्त म्हणत होतो तिची निम्मी माती माणिकबाई होती. निम्मी कसली, जास्तच. एवढं सगळं आयतं हाताशी होतं आणि एकदाही तिला म्हटलं नाही, की बाई, तुझ्यामुळे चाललंय. त्यांना तिची इतकी आठवण आली की पिशवीत तोंड खुपसून ते म्हाताऱ्या माणसासारखे रडले. पडद्याआड लेक झोपली होती, म्हणून आवाज होऊ दिला नाही.

डोळे पुसताना त्यांना अचलपूरकडचे रामराव आठवले, कुठली आठवण कधी येईल सांगता येत नाही. रामराव एकदा वाळलेली कलमं घेऊन भांडायला आले होते. तुमची कलमंच खराब, म्हणत होते. गोवर्धनजी तेव्हा अजिबात चिडले नव्हते. कलमाची तक्रार आली की त्यांचं एकच उत्तर असायचं, आधी जमीन दाखवा. ते रामरावांच्या शेतात गेले, दोन हात खड्डा घेतला, आणि खाली निव्वळ चोपण निघालं, पाणी न मुरणारं. तीच कलमं नत्थुजींच्या काळ्या भुरकट रानात कशी डोलत होती ते त्यांनी रामरावांना नेऊन दाखवलं. कलमाला दोष देण्याआधी खड्डा घ्यावा, हे ते येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आले. पोरीच्या बाबतीत मात्र भर पंगतीत कलमालाच नावं ठेवून मोकळे झाले.

त्या संध्याकाळी ते खाली उतरून बाजारात गेले. मेथीच्या जुड्या आणल्या, गिरणीतून ज्वारीचं पीठ आणलं. हर्षा रात्रपाळीला गेली, प्रणाली पुस्तकं घेऊन बसली, गोवर्धनजी लवकर आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी प्रणाली उजाडताच शाळेच्या जादा तासाला निघून गेली, तेव्हा ते ओट्याशी उभे राहिले. उभ्यानं भाकरी थापणं त्यांना जमेना, म्हणून परात खाली घेतली आणि उकिडवे बसले. गुडघा कुरकुरला, पण बसले. कलमाची पट्टी एका झटक्यात बांधणारे ते हात, पण पिठापुढे त्यांची काही मात्रा चालेना. पहिली भाकरी परातीतच फाटली, दुसरी तव्यावर जाताना मोडली. पुढच्या दोन मात्र धड उतरल्या, जाड आणि कडेला तडकलेल्या. मेथीत त्यांनी मुगाची डाळ टाकली, माणिकबाई टाकायची तशी, फक्त मीठ किती ते देवालाच माहीत.

हर्षा आली तेव्हा घरात भाजलेल्या ज्वारीचा वास होता. दारातच चपला काढता काढता ती थांबली. रात्रभर उभं राहून तिचे पाय सुजले होते, ते गोवर्धनजींनी पहिल्यांदा पाहिले. तिनं आधी कोपऱ्यातल्या त्यांच्या पिशवीकडे बघितलं, मग बापाच्या पिठानं माखलेल्या हातांकडे.

"बस नव्हती का, बाबा?"

"नत्थुजीले फोन केला. म्हटलं, यंदाचे डोळे तुमीच भरा." त्यांनी ताट पुढे सरकवलं. "हर्षे, कोनी वाळलेलं कलम घेऊन आलं तं मी आधी त्याची जमीन पाह्यतो. तुही जमीन पाह्याची राह्यली माही. उगाच बोललो मी तुले."

हर्षानं ड्यूटीची पिशवी खाली ठेवली. तिथंच, भिंतीला पाठ लावून, बापाच्या समोर खाली बसली. भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि तोंडात घातला. गोवर्धनजी तिच्या जबड्याकडे बघत होते.

"जाड झाली, बाबा," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती चावत होती. "आईची किती पातळ राहे."

"राहे न," गोवर्धनजी म्हणाले. "पन कशी करतं, थे मी तुह्या मायले कधी इचारलंच नाई."

हर्षानं डोळे पुसले आणि दुसऱ्या भाकरीला हात घातला. गोवर्धनजींनी वाटी उचलून त्या भाकरीवर भाजी वाढली.