हात कुणाचा होता

बाईंना या वर्गात पाठवलं ते शिक्षा म्हणून. चौदा वर्षं मोठ्या पोरांना गणित शिकवलं, एक दिवस हेडमास्तरांना भर बैठकीत "तुम्हाला साधी बेरीज येत नाही" म्हणाल्या, आणि पुढच्या सोमवारी जिन्यामागच्या खोलीत रुजू झाल्या. सात मुलं. कुणाला दिसत नाही आणि चालताही येत नाही, कुणाला ऐकू येत नाही आणि वर फिट येतात. बाईंनी ठरवलं, महिन्याभरात राजीनामा तोंडावर फेकायचा. त्याला एकोणीस वर्षं झाली.

"घरातल्या बोलत्या माणसाचं ऐकून घेत नाहीस," नवरा म्हणायचा, "आणि तिथं न बोलणाऱ्यांचं दिवसभर ऐकत बसतेस."

"ती उगाच बोलत नाहीत," बाई म्हणायच्या.

त्यात ठमी. हे नाव मावशींनी ठेवलेलं. मावशी म्हणजे वर्गातल्या मदतनीस. मुलांना भरवणं, धुणं-पुसणं त्यांच्याकडे, आणि टोमणे मारायचं खातंही त्यांच्याचकडे. ठमी नऊ वर्षांची. डोळ्यांना दिसत नाही, कानांना जवळजवळ काही ऐकू येत नाही, हातपाय लाकडासारखे ताठ. तिच्यासाठी बाईंनी तीन कप्प्यांचा ट्रे केला होता. एका कप्प्यात चमचा, म्हणजे जेवण. दुसऱ्यात दोरीचा तुकडा, म्हणजे झोपाळा. तिसऱ्यात टॉवेलचा चौकोन, म्हणजे हातपाय धुणं. बाई ठमीचं मनगट खालून धरायच्या, हात ट्रेवरून फिरवायच्या, आणि बोटं ज्या वस्तूवर मिटतील ते ठमीचं म्हणणं. सकाळी दोरी, बाराला चमचा. तीन वर्षं असंच. "बघा, पोरगी स्वतः मागते!" येईल-जाईल त्याला बाई दाखवायच्या. ठमीची आई शिलाईच्या कारखान्यात शर्टांना बटणं लावायची. न्यायला आली की दारातूनच बघायची आणि पदराने डोळे टिपायची.

मग वरून कागद आला. ज्या मुलाला स्वतःहून निवड करता येते, त्याचीच वर्गातली जागा राहील. बाकीच्यांनी घरी राहायचं, महिन्यातून एकदा कुणीतरी भेटून जाईल. तपासणी गुरुवारी.

"घरी म्हणजे बाई, मी कामावर गेल्यावर कुलूप लावून?" आई म्हणाली.

"रडू नका. ठमी पहिली पास," बाई म्हणाल्या. त्यांना शंकाच नव्हती.

शंका आणली ती फिजिओताईने. ही नवीन पोरगी मुलांचे सांधे मोकळे करायला यायची. मंगळवारी ठमीचा खांदा चोळता चोळता सहज म्हणाली, "बाई, मनगट नाही धरलं तर ती काय उचलते?"

"धरलं नाही तर हात हलेल कसा? ताठ आहे तो."

"तसं नाही. बोटं तिची मिटतात, कबूल. पण कुठल्या कप्प्यावर थांबायचं, ते कोण ठरवतं?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तीन आठवडे झाले तुला येऊन. मी हे करत होते तेव्हा तू दप्तर पाठीला लावून शाळेत जात होतीस."

पोरगी पुन्हा खांदा चोळायला लागली. प्रश्न मात्र बाईंच्या डोक्यातून जाईना.

बाराच्या सुमाराला बाई म्हणाल्या, "मावशी, आज तुम्ही धरा बरं तिचं मनगट."

मावशींनी धरलं. ठमीच्या बोटांत टॉवेल आला.

"तुम्हाला धरता येत नाही."

"बरं बाई. भरवायला येतं, धुवायला येतं, तेवढं धरायला येत नाही!"

मग बाईंनी स्वतःचे डोळे ओढणीने बांधले. मावशी दर वेळी वस्तूंची जागा बदलायच्या आणि बाई मनगट धरायच्या. दहा वेळा केलं. चमचा चार वेळा आला.

"चार म्हणजे चांगलं का वाईट?" मावशींनी विचारलं.

गणिताच्या बाईंनी मनात हिशेब मांडला. तीन वस्तूंत दहाला तीन-चार तर आंधळ्या नशिबानेही येतात. मग ती तीन वर्षं? बाराला चमचा यायचा खरा. पण बारा वाजलेत हे दिसत कुणाला होतं? भिंतीवरचं घड्याळ ठमी थोडीच बघत होती! झोपाळ्यावर ती हसायची. पण झोपाळ्यावर कुणीही बसवलं तरी ती हसलीच असती. म्हणजे एवढे दिवस आपण आपल्याशीच बोलत होतो की काय? आणि चारात एक जरी तिचा असला, तर तो कुठला?

गुरुवारी साहेब आले. हातात फॉर्म, फॉर्मवर दोन चौकटी : होय, नाही. आई अर्धी सुट्टी टाकून दाराशी उभी. फिजिओताईने ठमीच्या कोपराखाली उशी सरकवली. बाईंनी ट्रे समोर ठेवला, आपले दोन्ही हात मांडीखाली घातले आणि बसून राहिल्या.

"सुरू करा," साहेब म्हणाले.

"सुरू झालंय."

पंखा फिरत राहिला. साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. सातव्या मिनिटाला ठमीचा खांदा हलला, हात उशीवरून घसरला आणि ट्रेच्या कडेवर असा आदळला की ट्रे खाली, चमचा खणखणत कपाटाखाली. ठमी खदखदून हसली.

"हे काय मागितलं तिने?"

"चमचा म्हणा, चमचा," मावशी मागून कुजबुजल्या.

बाईंनी तोंड उघडलं. "मला कळलं नाही, साहेब."

साहेबांनी फॉर्म उलटसुलट करून बघितला. असल्या उत्तराला चौकट नव्हती. शेवटी त्यांनी समासात लिहिलं : तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे, तोवर जागा ठेवावी.

आईने बाईंना बाहेर व्हरांड्यात गाठलं. तिचा आवाज चढला होता. "तीन वर्षं धरलात ना हात? आज एक दिवस धरला असतात तर काय बिघडलं असतं?"

"पण ते माझं झालं असतं, तिचं नाही."

"असू दे की तुमचं! जागा तर तिची पक्की झाली असती. आता तीन महिने मी काय जीव मुठीत धरून बसू?"

बाई वर्गात परतल्या आणि कपाटाखालचा चमचा काढू लागल्या. धरणं खोटं असेल, तर त्या खोट्यानेच पोरगी इथवर टिकली. आणि खोटं नसेल, तर आज ऐन वेळी आपणच तिचा हात सोडला.

बारा वाजले. बाईंनी पुन्हा ट्रे मांडला, हात पुन्हा मांडीखाली. बाकीच्या सहा जणांना भरवून झालं तेव्हा कुठे ठमीची बोटं दोरीला जाऊन टेकली आणि तिथेच राहिली.

"झोपाळा? जेवायच्या वेळी?" मावशी म्हणाल्या. "का नुसताच टेकलाय हात?"

"घ्या झोपाळ्यावर."

"जेवण गार होईल, बाई."

"होऊ दे."

दोघींनी तिला उचलून बसवलं, पट्टा बांधला. ठमी हसली नाही, कुरकुरलीही नाही. मान कलती करून नुसती बसून राहिली. बाई दोरीजवळ उभ्या होत्या. झोका द्यावा की अजून थांबावं, ते त्यांना ठरवता येत नव्हतं.