चौथ्या डोसाचं खापर

“हाथ दिखा.”

मी दोन्ही हात पुढं केले. एम.एस्सी. झालेली बाई मी, अन् शाळेतल्या पोरीवानी हात उलटेसुलटे करून दाखवून राहिली होती. टेबलावर स्टीलचा ट्रे. त्यात पाच उंदीर, मेलेले. ट्रेच्या पलीकडं सर. बाजूले रिसर्च करणारे तिघं. सरांनी माह्ये हात पाहिले अन् त्या तिघांकडं वळून म्हणाले, “इनके यहाँ तो मरे जानवर उठाने का काम था. ज़िंदा कैसे सँभलेंगे?”

तिघांतली एक पोरगी हसली. बाकीचे दोघं ट्रेकडं पाहत राहिले.

अन् मी काय म्हणलं? मी म्हणलं, “सॉरी सर. मेरे हाथ से ही कुछ हुआ होगा.”

हे लिहितानी आजही माह्यं तोंड कडू होते. ते बोलले ते बोलले. पण माफी मी मागतली. कोणी सांगतलं नव्हतं मागायले. आमच्याकडं हे असंच आहे. साहेबासमोर काही बिघडलं की पयले माफी, विचार मंग. चूक कोणाची ते कोणी पाहतच नाही, आमीबी नाही. मले माह्याच जिभेची किळस आली. पण ती नंतर आली, त्या वक्ताले नाही.

भिलाईतल्या एका रिसर्च सेंटरात मी अॅनिमल हाऊसची टेक्निशियन होती, काँट्रॅक्टवर. पिंजरे धुणं, दाणापाणी, सुया देणं, गाठी मोजणं, सारं माह्याकडं. काम असं होतं. उंदरीच्या अंगात स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी टोचायच्या. गाठ धरली की औषध सुरू करायचं. शरीरात कॅन्सरशी लढणाऱ्या पेशी असतात, त्याईले एक ब्रेक असते. कॅन्सर लबाड, तो त्या ब्रेकवर पाय देऊन बसते. आमचं औषध तो पाय हटवणारं होतं. चेकपॉइंट अँटिबॉडी म्हणतात त्याले. आता माणसांलेबी देतात, म्हणून सरांच्या प्रोजेक्टले मोठा भाव होता.

अठरा उंदीर होते. सहांना खरी अँटिबॉडी, सहांना तशीच दिसणारी पण काहीच न करणारी, सहांना नुसतं मिठाचं पाणी. सारे पिंजऱ्याच्या हिशोबानं सुया देतात, एक पिंजरा झाला की दुसरा. मी तसं करत नव्हती. खऱ्या औषधाचा एक, नकलीचा एक, पाण्याचा एक, मंग परत पहिल्यापासून. हात थकला तं साऱ्यांसाठी सारखा थकला पाहिजे, एवढाच माहा विचार. अन् प्रत्येक सुईचा टाइम रजिस्टरात लिहायचा. ही सवय बाबांची. बाबा स्टील प्लांटमधे क्रेन चालवत. सेक्टर 2 च्या क्वार्टरमधे मी वाढली, तवा घरी नवं गॅस सिलेंडर लावलं तरी बाबा कॅलेंडरवर तारीख अन् टाइम लिहून ठेवत. चुकलं तं खोडायचं नाही, एक आडवी रेघ मारायची अन् बाजूले सही. आमी हसत होतो त्याईले.

तीन डोस मस्त गेले. खऱ्या औषधाच्या गाठी बारीक व्हायले लागल्या. सर खुश. फोटो काढले, कुठं कुठं दाखवले.

चौथ्या डोसाले पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. औषधाची पहिली उंदरी कोपऱ्यात जाऊन बसली. केस फुगलेले. कान पांढरे. पोट भात्यावानी हालून राहिलं होतं. मंग दुसरी. मंग तिसरी. मी उचलून तळहातावर घेतली तं अंग थंडगार. धावत सरांकडं गेली. सर फोनवर होते, त्याईनं हातानंच थांब म्हणलं. मी दारात उभी राहिली. का उभी राहिली? आत घुसून फोन हिसकायले पाहिजे होता. सर येईपर्यंत सहातल्या पाच गेल्या होत्या. नकलीच्या अन् पाण्याच्या बारा उंदरी आपल्या दाणे खाऊन राहिल्या होत्या.

मंग तो ट्रे. मंग “हाथ दिखा.”

शनिवारी सरांनी एक टाइप केलेला कागद समोर ठेवला. पाच उंदीर टेक्निशियनच्या चुकीच्या हाताळणीनं मेले, असा मजकूर. खाली माह्यं नाव, सहीसाठी जागा. आवाज एकदम गोड. “तूने खुद ही तो कहा था. साइन कर दे, कॉन्ट्रैक्ट का मैं देख लूँगा. सोमवार तक दे देना.”

तवाच डोक्यात घुसलं. चूक माह्या हाताची ठरली तं ते पाच उंदीर हिशोबातून बाहेर, अन् बारीक झालेल्या गाठी तशाच शाबूत. औषधानं मेले म्हणलं तं लिहावं लागते, उंदरांवर नजर ठेवणाऱ्या कमिटीले सांगावं लागते, काम थांबते. माह्या एका सहीवर त्याईचा रिसर्च पेपर अडकला होता. मी कागद बॅगेत टाकला अन् निघाच्या आधी रजिस्टरच्या पानाचा फोटो काढला. कायले काढला, तवा सांगता आलं नसतं.

रविवारी भिलाईतल्याच कोहक्यात, आताच्या घरी जेवताना सारं सांगतलं. आई म्हणाली, “करून टाक सही, बाई. काम तं राहीन. दुसरं कुठं भेटते?” आईचा राग नाही आला. तिनं जलमभर हेच पाहिलं. बाबा जेवतच होते. घास गिळून त्याईनं विचारलं,

“तुह्या हातून चुकलं का?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही तं माफी कायले मागतली? लिहिलं आहे ना तू? वाच ते.”

वाचलं. फोटोतल्या पानावर होतं: नऊ वाजून दहा, औषध. नऊ अकरा, नकली. नऊ तेरा, पाणी. नऊ पंधरा, परत औषध. तोच हात, तीच बैठक, एक-दोन मिनिटांचा फरक. माहा हात खराब होता तं पाण्याच्या उंदरी कावून नाही मेल्या? नकलीच्या कावून नाही मेल्या? पहिल्या तीन डोसांत हात चांगला होता अन् चौथ्याले जात आठवली त्याले?

मंग मोबाईलवर शोधत बसली. ही अँटिबॉडी मोठ्या उंदरापासून, रॅटपासून बनते. आपल्याले दोन्ही उंदीरच, पण आमच्या लहान माइसच्या अंगाले रॅटची वस्तू परकी. दर डोसाले अंग तिले ओळखत जाते, चिडत जाते. वरून हे औषध ब्रेकच सोडवते, मंग ती चीडही बेलगाम होते. एका डोसाले सारं अंग एकदम पेटते अन् उंदीर खलास. हे दुसऱ्या लॅबमधेही झालेलं होतं, लोकांनी लिहून ठेवलेलं होतं. सरांनी वाचलं नसन असं होऊच शकत नाही. मी ताटावर बसल्या बसल्या रडली. दुःखानं नाही, संतापानं.

सोमवारी बिनसहीचा कागद सरांसमोर परत ठेवला. म्हणलं, “साइन नहीं करूँगी सर. और उस दिन जो माफ़ी माँगी थी, वो वापस लेती हूँ.”

सर हसले. “माफ़ी भी वापस होती है क्या?”

“मेरी होती है.”

“बहुत उड़ रही है. इस लाइन में कहीं काम नहीं मिलेगा तुझे.”

तरी बोलली. म्हणलं, माह्या पणज्यानं मेलेली ढोरं ओढली, खरं आहे. ज्याईनं ओढायले लावली त्याईच्या हातांबद्दल तुमी त्या दिवशी काही बोलले नाही. हे मी मराठीत बोलली. घरची भाषा तोंडातून आपोआप निघाली. सरांले किती समजलं माहीत नाही. तोंड मात्र उतरलं होतं.

काँट्रॅक्ट वाढलं नाही. दोन ठिकाणी अर्ज केले, दोन्हीकडून उत्तर नाही. आई अजूनही कधी कधी म्हणते, सही केली असती तं काय गेलं असतं. मी तिच्याशी भांडत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांची जी कमिटी असते, तिले मी चार पानं लिहिली. उंदरांचंही लिहिलं, अन् ट्रेसमोर जे ऐकलं तेही लिहिलं. कमिटीतल्या एका मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, “चूहों वाला हिस्सा हम देखेंगे. दूसरी बात पर्सनल है, उसे निकाल दीजिए.”

मी ते काढलं नाही. पाच उंदीर ज्यानं मेले ते झाकायले माह्यी जात वापरली, मंग ते पर्सनल कसं? बुधवारी अकरा वाजता कमिटीनं बोलावलं आहे. सरही येतीन. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर आहेत अन् एकाच कागदावर राहतीन. कमिटीच्या मिनिट्समधे, मिटिंगच्या नोंदीत, दोन्ही लिहिल्या गेल्याशिवाय मी त्या खोलीतून उठणार नाही.