मोटारखान्यातली फटफटी

लढाई संपवून मी जालन्याला आल्तो, त्या सालचा दसरा. पलटणीत मी डिस्पॅच रायडर होतो. फटफटीवरून हुकमाचे कागद पोचवायचे, एवढंच काम. त्या कामानं कमरेचा पार भुगा केल्ता. घरी आलो तरी झोप यायची न्हाई, बोलायचा कंटाळा यायचा.

शहरात एका जहागीरदाराचा मोटारखाना होता. हौसेनं घेतलेल्या मोटारी अन् फटफट्या. लढाईत पेट्रोल मिळेना, म्हणून सगळ्या लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवल्या होत्या. दसऱ्याला पूजेसाठी दार उघडायचं, अन् बघायला गर्दी लोटायची. मोटारीचं वेड मला लहानपणापासून. पण त्या दिवशी मी हौसेनं गेलो न्हाई. शहागडहून गणपतकाका आल्ते. माझा पलटणीतला जोडीदार रंगनाथ, त्याचे वडील. गावात कुणीतरी उठवलं होतं, की रंगनाथची फटफटी उलटली अन् तिनंच त्याचा जीव घेतला. काकांना तसली चीज एकदा डोळ्यांनी बघायची होती.

आत पितळी दिवे चकाकत होते, झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं. कुठली मोटार विलायतेची, कुठलीचं इंजिन भारी, मी सवयीनं सांगत चाललो. काका ऐकत नव्हते. शेवटच्या रांगेत आमच्याच जातीची फटफटी निघाली. ही काळी, चकचकीत. आमची खाकी असायची, अन् कायम चिखलात.

रखवालदारानं कुंकवाची वाटी पुढं केली. काकांनी हात मागं घेतला.

"पोराला खाल्लं हिनं. हिला कुंकू लावू?"

मंग मला सांगावंच लागलं. बर्माची सरहद्द, पाऊस. पुढच्या कंपनीचा वायरलेस बंद पडला. रंगनाथला हुकूम मिळाला, "कागद दे, जवाब घेऊन ये. जल्दी." तो गेला. परतताना वळणावर त्याला पोटात गोळी लागली. मी हेडक्वार्टरच्या गेटवर उभा होतो. फटफटीचा आवाज आला, बिलकुल नेहमीसारखा. त्यानं वेग कमी केला, न्यूट्रलला टाकली, भिंतीला टेकवली. कागद माझ्या हातात दिला. "साहेबाला दे," म्हणाला, अन् टाकीवर डोकं ठेवलं. डॉक्टर येईस्तोवर सगळं संपल्तं. त्या कागदामुळं कंपनीला कुमक वेळेवर गेली.

"उलटली न्हाई, काका. ती त्याला घेऊन आली."

काका फटफटीच्या जवळ सरकले.

"तो गेला तवा ती चालूच व्हती?"

"चालूच होती."

"मंग बंद कुणी केली?"

"म्या."

काकांनी मान हलवली. बोट कुंकवात बुडवून टाकीला लावलं. मंग लांबून गाडी ओढून आलेल्या बैलाच्या पाठीवर मारतात, तशी हळूच थाप मारली. रखवालदार म्हणाला, हात लावू नका, पॉलिश जातं. मी त्याच्याकडं नुसतं बघितलं. तो बाजूला झाला.

आज मी म्हातारा झालो. अजून इंजिन बंद करताना हात थबकतो. शिपाई रंगनाथ, डिस्पॅच रायडर, राहणार शहागड. कागद वेळेत पोचला.